अकरा घरांच्या ओव्या

“सातवी गं माझी ओवी, सात पायऱ्यांच्या दाराची,
सासूमागं सून आली, सून बाई घाटावरची…”

मथुराआतेचा हा आवाज अजूनही भांडी घासताना माझ्या पाठीमागून येतो. मी वळून बघत नाही. तिथं कुणी नसतं हे मला ठाऊक आहे.

ती ओवी तिनं पहिल्यांदा म्हटली ती भर दुपारी, कातळावर. रोहिण्या सरत आल्या होत्या, आभाळ भरलेलं, अंगाची काहिली होत होती. सगळ्या बायका माझ्याकडं बघून हसल्या. लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं. माझं माहेर माणदेशात. तिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो, ओसरीवर टेकतो आणि निघून जातो.

“आते, घाटावरची कशाला घातलंस?” मी म्हणाले.

“मंग काय कोकणातली घालू? पऱ्याला गुडघाभर पाणी आलं तर डोळे मिटून साकव ओलांडतेस तू!”

पुन्हा हशा झाला. वासूआबांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरून कान फाटतील अशी फुंकली.

“हसायला जमलोत काय? शिट्टीपासून सगळी इथं येईपर्यंत किती वेळ लागला ठाऊक हाय? सोळा मिनिटं. सोळा मिनिटांत डोंगर चहा पिऊन खाली येतो!”

मग कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना आपसूक वर गेल्या.

टेंबवाडी म्हणजे अकरा घरं, डोंगराच्या पोटावर पायऱ्यांसारखी एकावर एक. खाली पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा. त्याच्यावर लाकडी साकव. साकवापलीकडं उघडा काळा कातळ आणि त्यावर आबांचा मांगर, गवत-अवजारं ठेवायची झोपडी. सगळ्यांत वरचं, टोकाचं घर मथुराआतेचं. तिच्या परड्यामागं डोंगर सुरू व्हायचा. त्या वैशाखात सरपणाला गेलेल्या बायकांना तिथं भेग दिसली. एका जागी माझा हात कोपरापर्यंत आत गेला. आत गार होतं. मी हात झटकन बाहेर काढला, आणि तेव्हापासून तो गारठा माझ्या अंगातून गेलाच नाही.

तालुक्याहून माणसं आली, भेग बघून गेली, पावसात सावध राहा म्हणाली. सावध कसं राहायचं ते आबांनी ठरवलं. त्यांनी तीस वर्षं दगडाच्या खाणींत सुरुंग लावले होते. डाव्या हाताची दोन बोटं तिथंच ठेवून आले होते. त्यांनी भेगेच्या दोन्ही काठांना बांबूच्या तासलेल्या खुट्ट्या ठोकल्या आणि मधून सुतळी बांधली. उरलेल्या खुट्ट्या मथुराआतेच्या पडवीत ठेवल्या, गरज लागली तर जवळ असाव्यात म्हणून. रोज एका घरानं पाळीपाळीनं वर जाऊन सुतळी बघायची.

“सुतळी ताणली तर मला येऊन सांगा,” आबा म्हणाले. “तुटली तर सांगत बसू नका, पळा.”

मी दहावी झालेली, म्हणून यादी माझ्याकडं आली. पहिल्याच सरावाला वळवाची सर आली, शाई फुटली आणि वाडीची त्रेचाळीस माणसं निळ्या पाण्यात वाहून गेली. शिवाय यादी लिहितानाच घोळ. बायका नवऱ्याचं नाव घेईनात.

“लिही गो, आमचे हे.”

“तुमचे हे, हिचे हे!” आबा तडकले. “अकरा घरांत अकरा हे! उद्या ढिगाऱ्यावर उभा राहून हाक काय मारू? ओ हे?”

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ‘ढिगारा’ हा शब्द मागाहून कानांत शिरला आणि हसू थांबलं.

तेव्हा मथुराआते पुढं झाली. साठीची, सडपातळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचा गळा असा की जात्यावर बसली की खालच्या घरातली रडणारी पोरं गप्प व्हायची.

“आबा, ओवीत नाव घेतलं तर दोष लागत नाय. मी बांधते अकरा ओव्या. एका घराला एक. कागद भिजतो, ओवी भिजत नाय.”

आणि तिनं बांधल्या. घर कुठलं, त्यात माणसं किती, कोण कोण, सगळं दोन-चार ओळींत. सरावाला आते एकेक ओवी म्हणायची आणि त्या त्या घरानं ‘आलो गं बाई आलो’ म्हणून हात वर करायचा. अकरा ओव्या झाल्या की हजेरी पुरी. मग आबा साकवाच्या मधल्या दोन फळ्या ओढून घ्यायचे, कुणी गुरासाठी, पेटीसाठी मागं पळू नये म्हणून.

“आणि कुणी मागं राहिलं असलं तर?” माझ्या सासूबाईंनी विचारलं.

आबांनी पऱ्याकडं तोंड वळवलं.

“खाणीत सुरुंगाआधी मी हजेरी घ्यायचो,” ते म्हणाले. “एक मजूर त्याच सकाळी कामाला लागलेला. नाव चढवायचं राहिलं. हजेरी पुरी भरली. मी वात पेटवली.” त्यांनी उरलेल्या तीन बोटांची मूठ केली. “जो हजेरीत नाय, त्याला कुणी हाक मारत नाय. म्हणून आत्ताच सांगा. पाहुणा असो, रावळा असो, अंथरुणावरचा असो. ओवीत नाव पाहिजे.”

शेवटची ओवी आतेनं हळू म्हटली.

“अकरावी गं माझी ओवी, टोकाच्या त्या घराला,
एकली मी आले बाई, हाक मारू मी कुणाला?”

दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. आतेचा नवरा बावीस वर्षांपूर्वी मुंबईला गेला आणि तिथं दुसरीशी संसार मांडून बसला, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. आते त्याच्याविषयी बोलायची नाही. बोललीच तर ‘ते’. तिच्या शेकडो ओव्यांत भाऊ होता, आई होती, तुळस होती, काळी गाय होती. तो नव्हता.

आषाढ लागला. पाऊस कसा असतो ते मला तेव्हा कळलं. घराच्या आत बसूनही माणूस ओला असतो. रात्रंदिवस एकच आवाज, आणि त्या आवाजाच्या मागं दुसरा कुठला आवाज येतोय का, तिकडं कान लागलेला.

आमच्या घराची पाळी आली तशी मी इरलं घेऊन वर गेले. सुतळी ताणलेली होती. बोट लावलं तर तारेसारखी थरथरली. खाली आले आणि आतेच्या पडवीत टेकले. तेवढ्यात मागल्या खोलीतून खोकला आला. पुरुषाचा.

“कोण आलीय गो? आधी माजा चहा बघ!” जिभेवर दगड ठेवल्यासारखा जड आवाज.

आते चुलीपाशी उभी होती. चुलीजवळ दोन ताटल्या पालथ्या घातलेल्या. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मला कळलं.

“गेल्या गुरुवारी आले,” ती म्हणाली. “कुणीतरी फाट्यावर गाडीतून उतरवून गेलं. तिथून खुरडत आले. डावं अंग गेलंय.”

“आणि तू कुणाला बोलली नाहीस?”

“काय बोलू? निरोगी होते तोवर तिचे, लुळे झाले तसे माझे, असं बोलू?” ती कुजबुजत होती, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. “बावीस वर्षं ही वाडी माझ्याकडं बघून चुकचुकली. ते सोसलं. आता हसतील, ते नाय सोसवायचं. आणि हा! दारात पाऊल टाकल्या टाकल्या काय म्हणाला ठाऊक हाय? माझी खाट कुठं गेली? बावीस वर्षांनी खाट विचारतोय. चुकलो म्हणून एक अक्षर नाय.”

“आते, पण हजेरी… सुतळी ताणलीय गं. ओवीत त्यांचं नाव घाल. नाहीतर मी आबांना—”

तिनं माझा हात धरला आणि आपल्या गळ्यावर दाबला. गळा तापलेला होता, आणि ज्या जागेतून अकरा घरं एकामागून एक बाहेर पडायची ती जागा माझ्या तळव्याखाली धडधडत होती.

“माझ्या गळ्याची आण हाय तुला, कुंदे. बोलू नको. वेळ आली तर माझं मी आणीन.”

“तू एकटी? कसं आणशील?”

“आणीन म्हटलं ना.”

घरी आले आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली. अकराव्या ओळीवर पेन्सिल टेकवली. ‘मथुरा, एक.’ एकाचे दोन करायला किती वेळ लागतो? पण शपथ मोडली आणि आतेचं काही बरंवाईट झालं तर? आणि या वाडीत मी घाटावरची, काल आलेली. मी पेन्सिल उचलली. सुतळीचं तेवढं आबांना सांगितलं. त्यांनी सगळ्यांना गाठोडी बांधून ठेवायला लावली आणि त्या दिवसापासून शिट्टी गळ्यातून काढलीच नाही.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या दारातल्या झऱ्याला तांबडं पाणी आलं. सासूबाईंनी कळशी पालथी केली, पुन्हा लावली. पाणी आणखी तांबडं. मग झरा थांबला. चार दिवसांच्या मुसळधार पावसात वाहता झरा थांबला!

“अनंता,” सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला हाक मारली, “हे काय रे?”

तो उत्तर देणार, तोच मला आवाज ऐकू आला. जात्याचा. रिकाम्या जात्याचा. धान्य नसताना दगडावर दगड फिरतो तसा. या वेळी कोण दळतंय म्हणून मी बघायला वळले आणि माझ्या तळपायांना कळलं, आवाज जमिनीतून येत होता.

वरून कुणीतरी ओरडलं, “सुतळी! सुतळी तुटली!”

आणि शिट्टी वाजली.

सराव आम्ही सात वेळा केला होता. पण सरावात पायांत जीव असतो. त्या दिवशी माझे पाय कुणा दुसरीचे होते. सासूबाईंचा हात धरला, दुसऱ्या हातात वही. पायऱ्यांवरून पाणी नव्हे, चिखल वाहत होता. शेजारचा फणस कलला होता. सकाळी सरळ होता तो फणस. गुरांची दावी अनंतानं आधीच कापली होती आणि गुरं आमच्यापुढं पळत होती. कुणी रडत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. नुसता पाऊस, शिट्टी, आणि ते जातं.

साकव ओलांडताना मी डोळे उघडे ठेवले. मिटले असते तर पुन्हा उघडता आले नसते.

कातळावर पोचले आणि मागं बघितलं. एकेक घर उतरत होतं. सगळ्यांत शेवटी मथुराआते. काखेत कोंबडीची डालगी, डोक्यावर इरलं. मी तिच्या मागं बघत राहिले. वाटेवर कुणी नव्हतं. आते साकवावर आली, कातळावर आली. तिच्या मागं कुणी नव्हतं.

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. डालगी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं.

“म्हण, मथुरे,” आबा म्हणाले. “लवकर.”

ती म्हणू लागली. पहिली ओवी आबांच्या घराची, दुसरी शेजाऱ्यांची. आलो गं बाई आलो. आवाज कापत होते, हात वर होत होते. तिचा आवाज मात्र थंड, सपाट, जणू हरभरे मोजतेय. तिसरी. चौथी. आता बोल, मी मनात म्हणत होते. आते, आता तरी बोल. सातवी आली. “सून बाई घाटावरची.” मी हात वर केला, पण ‘आलो’ हा शब्द तोंडातून निघेना. सासूबाईंनी माझ्या वतीनं म्हटलं. आठवी. नववी. डोंगरावरून एक धोंडा सुटला, घरंगळत आला आणि टोकाच्या घरामागच्या केळी मोडून थांबला. पोरं किंचाळली. दहावी.

“अकरावी गं माझी ओवी, टोकाच्या त्या घराला,
एकली मी आले बाई…”

आवाज तिथं चिरला. मी तो गळा वर्षभर ऐकला होता, नंतर सोळा वर्षं ऐकला, पण चिरलेला तेवढाच एकदा.

“…हाक मारू मी कुणाला?”

“त्रेचाळीस,” आबांनी निःश्वास टाकला. “पुरी भरली. देवा, पुरी भरली!” आणि ते फळ्या ओढायला साकवाकडं वळले.

बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आत जीभ होती, शब्द होता, आणि माझ्या तळव्याखाली तो तापलेला गळा अजून धडधडत होता. पहिली फळी निघाली. आबांनी ती कातळावर टाकली. तिचा धप्प आवाज झाला.

आणि त्या आवाजावर आतेनं सूर उचलला.

“बारावी गं माझी ओवी…”

सगळे वळले. बारावं घर वाडीत नव्हतं.

“गेलं डोकं म्हातारीचं,” कुणीतरी पुटपुटलं. “भ्याली गं ती. बसव तिला.”

“बारावी गं माझी ओवी, आडोशाच्या माणसाला,
नाव घेते गुणाजीचं, कुणी आणा गं खाली त्याला.”

पाऊस पडत होता. गुणाजी हे नाव कातळावरच्या म्हाताऱ्यांनी बावीस वर्षांनी ऐकलं, आणि तिच्या तोंडून तर पहिल्यांदाच.

“कुठं हाय?” आबांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“मागल्या खोलीत.”

आबांनी फळी उचलून पुन्हा जागेवर टाकली. ते स्वतःच साकवावर पाय ठेवत होते, अनंतानं त्यांना मागं ओढलं.

“तुम्ही डोंगर बघा. शिट्टी वाजवा. मी जातो.”

“मला खोली ठाऊक आहे,” मी म्हणाले. तेव्हा फुटला माझा आवाज.

“कुंदे! मेलीस काय गो!” सासूबाई ओरडल्या. मी साकवावर होते.

वर जाताना जातं अगदी जवळ आलं होतं. जमीन पायाखाली साय हलावी तशी हलत होती. आतेच्या अंगणाची पायरी खचली आणि अनंत मांडीपर्यंत चिखलात गेला. “तू हो पुढं, मी आलो!” पुढचं दार सताड उघडं. आत अंधार, छपरातून माती गळतेय. आणि मागल्या खोलीच्या दारावर आतून थापा. एका हाताच्या थापा. धप. धप. मग थांबून पुन्हा धप.

मी दाराशी झटले. ते लगेच उघडलं नाही.

“काय झालं?” अनंत बाहेरून ओरडला.

“दार फुगलंय! पावसानं दार फुगलंय!”

मग ते उघडलं. उंबऱ्यावर एक म्हातारा आडवा पडलेला, उजव्या हाताच्या बोटांतून रक्त. त्यानं आधी माझ्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं. अनंत आला, त्यानं त्याला पाठीवर घेतलं, मी मागून लोंबणारा हात सावरला आणि आम्ही उतरू लागलो. खाली आबांची शिट्टी एकसारखी वाजत होती. शिट्टी आहे तोवर डोंगर आहे, एवढंच मला समजत होतं. साकवावर आले तेव्हा माझी डावी मूठ अजून घट्ट मिटलेली आहे हे लक्षात आलं. मी ती उघडली. तिच्यात होतं ते पऱ्यानं नेलं.

आम्ही कातळावर पडलो. आबांनी फळ्या ओढल्या. शिट्टी थांबली.

डोंगर आला तेव्हा मोठा आवाज झाला असं सगळे सांगतात. मला आठवतो तो वास. खोल, गार, कुजल्या मातीचा, भेगेत हात घातला तेव्हाचा. वरची पाच घरं आम्ही बघत असताना नाहीशी झाली. एक माडाचं झाड उभंच्या उभं खाली आलं, क्षणभर चालत आल्यासारखं, आणि पऱ्यात आडवं झालं. साकव गेला. धूळ नव्हती, नुसता लाल चिखल. मग परत पाऊस ऐकू येऊ लागला.

आबांनी मला वही उघडायला लावली. अकराव्या ओळीपुढं मी ‘गुणाजी’ असं लिहिलं आणि खाली चव्वेचाळीस. माझ्या अक्षरातले ते सगळ्यांत वेडेवाकडे आकडे.

ही गोष्ट पुढं पंचक्रोशीत पसरली. बावीस वर्षं ज्यानं टाकलं त्याचं नाव घेऊन बाईनं त्याला डोंगराच्या तोंडातून काढलं! हसलं कुणीच नाही. वडाला दोरे गुंडाळताना बायका आतेच्या पाया पडायच्या. आजूबाजूच्या वाड्यांनी आबांची शिट्टी आणि आतेच्या ओव्या नेल्या, आपापल्या घरांची नावं घालून घेतली. आते सगळ्यांना बांधून द्यायची. पाया पडणारीला मात्र म्हणायची, “ऊठ गो, पुरे.”

आम्हाला पलीकडच्या माळावर जागा मिळाली. गुणाजीआबा तिथं दीड वर्ष जगले. आते त्यांना भरवायची, पुसायची, उन्हात बसवायची. एकदा मी पेज घेऊन गेले तेव्हा ते ओट्यावर एकटेच होते.

“त्या दिवशी दार फुगलं होतं म्हणे,” ते म्हणाले.

“व्हय.”

त्यांचं अर्धं तोंड हसलं. “फुगलं असंल. पाऊस मोप होता.” मग म्हणाले, “तिला म्हणावं, माजी खाट नको करू. सतरंजी चालती मला.”

ते गेले. वासूआबा गेले. मला दोन मुली झाल्या, त्यांना अकरा ओव्या पाढ्यांआधी पाठ झाल्या. बारावी त्या सगळ्यांत मोठ्यानं म्हणायच्या.

आतेनं अंथरूण धरलं त्या वर्षी मी रोज तिच्याकडं जायचे. एका संध्याकाळी तिचे केस विंचरत होते. बाहेर पाऊस होता, साधा, भुरभुरणारा.

“खुट्टीचं काय केलंस गो?” तिनं विचारलं.

माझा हात केसांत थांबला.

“कसली खुट्टी, आते?”

“मागल्या खोलीच्या कडीतली. आबांनी तासलेली.”

“दार फुगलं होतं. मी सगळ्यांना तेच सांगितलं.”

“तू सांगितलंस, आणि मी त्याच्या आडोशाला बसले. सोळा वर्षं. तू रोज येतेस, भाकरी देतेस, केस विंचरतेस. एकदा तरी विचारलं असतंस.”

मी फणी खाली ठेवली. “मग बारावी का म्हटलीस?”

तिनं नजर वाशांकडं नेली. “अकरावी खोटी लागली गो. बांधली तेव्हा खरी होती. त्या दिवशी म्हणताना गळ्याला कळलं. गळ्याला फसवता येत नाय. मनाला येतं.”

तिचा हात मी हातांत घेतला. किती हलका झाला होता. मला तिला काहीतरी द्यायचं होतं, जाताना नेण्यासारखं.

“वारा होता ना आते, त्या दिवशी. वाऱ्यानं कडी बसली असेल.”

“वारा एकवेळ कडी लावील. खुट्टी ठोकत नाय.” तिनं माझी बोटं घट्ट धरली. “शिट्टी वाजली, आणि तो दाराकडं खुरडत आला. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला नावानं हाक मारली. मथुरे, म्हणाला. मथुरे, मला ने. आणि मी बाहेरून खुट्टी ठोकली, कुंदे. वरवंट्यानं. आत गुणाजी हाका मारत होता, आणि मी ठोकली.”